माल दर्यात, दर दिल्लीत

१ फेब्रुवारी २०२० रोजी मांडलेल्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरचं मूळ आयातशुल्क २० टक्क्यांवरून थेट ६० टक्क्यांवर गेलं. अंमल दुसऱ्याच दिवसापासून. त्या वर्षी चिनी नववर्ष २५ जानेवारीला होतं. त्या सणात तिकडचे कारखाने दोन-तीन आठवडे बंद राहतात, म्हणून ज्याला उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी माल हवा असतो तो जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यातच पेट्या जहाजावर चढवून घेतो. जहाज न्हावाशेव्याला लागायला साधारण दोन ते तीन आठवडे. म्हणजे दर तिप्पट झाला तेव्हा शेवटी चढलेला असा बराच माल अजून समुद्रात होता.

आपल्या सीमाशुल्क कायद्याच्या कलम १५ प्रमाणे शुल्काचा दर ठरतो तो बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे आयात मालाचं कस्टमला द्यायचं विवरणपत्र, दाखल केल्याच्या दिवशीचा. बिल आधीच भरून ठेवलं असेल तर जहाजाची बंदरात रीतसर नोंद होते त्या दिवशीचा. ऑर्डर कधी दिली, पैसे कधी पाठवले, माल कधी चढला, हे कुणी विचारत नाही. २ लाख रुपये मूल्याच्या खेळण्यांवर ४० हजार मूळ शुल्क धरून बसलेल्या व्यापाऱ्याला १ लाख २० हजार भरावे लागले. ताबडतोब भरता येत नसतील तर माल बंदराबाहेरच्या सीएफएसमध्ये, म्हणजे कंटेनर ठेवायच्या तळावर, पडून राहतो, जागेचं भाडं चढतं, थकलेल्या शुल्कावर १५ टक्के व्याज लागतं. बिलच उशिरा दाखल केलं तर पहिले तीन दिवस रोजचे ५ हजार आणि पुढे रोजचे १० हजार, हा दंड निराळा. ज्याचे वर्षाला शंभर कंटेनर येतात तो हा फटका बाकीच्या नव्याण्णवांवर पसरवतो. ज्याचे वर्षाला एका कंटेनरच्या कोपऱ्यात बसतील एवढेच दोन पॅलेट येतात, त्याने तो पसरायचा कशावर?

आयातशुल्क असावं की नसावं, हा वाद जुना आहे आणि दोन्ही बाजूंना दम आहे. इथे मुद्दा त्याहून लहान आहे, पण ज्यांचा धंदा त्यावर चालतो त्यांच्यासाठी जिवाचा आहे. बोर्डगेम, पत्त्यांचे खेळ, लाकडी सोंगट्या-फासे अशा छंदाच्या खेळांचा धंदा करणारी माणसं दोन-चार, भांडवल काही लाखांचं. असा धंदा चढा दर सोसू शकतो. वाटेत बदललेला दर त्याला सोसत नाही. आणि जो दर तयार मालाला तोच सुट्या भागालाही लावला, तर ज्या देशी कारागिरासाठी शुल्काची ही भिंत बांधली त्याच्याच दारावर ती उभी राहते.

एक हिशेब मांडून बघू. रकमा धरलेल्या आहेत, दर खरे आहेत. परदेशी कारखान्यातून प्रतीमागे ४५० रुपयांना पडलेला एक बोर्डगेम, त्यावर भाडं आणि विमा ५० रुपये. आपल्याकडे शुल्क लागतं ते या पुऱ्या ५०० रुपयांवर, म्हणजे जहाजाचं भाडं वाढलं की शुल्कही वाढतं. (अमेरिकेत समुद्री भाडं वगळून उरलेल्या मूल्यावर लागतं, हा फरक आपल्याकडच्या चर्चेत कधी येत नाही.) बोर्डगेम आणि पत्ते येतात शुल्कपत्रिकेतल्या ९५०४ या शीर्षकाखाली, मूळ शुल्क २० टक्के. म्हणजे १०० रुपये. त्या शंभरावर १० टक्के समाजकल्याण अधिभार, १० रुपये. झाले ६१०. त्यावर ५ टक्के आयजीएसटी, म्हणजे आयातीवर लागणारा जीएसटी, ३० रुपये ५० पैसे. २२ सप्टेंबर २०२५ पासून बोर्डगेमवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला तेव्हा बऱ्याच लोकांना वाटलं, आता आयात केलेले खेळ चांगलेच स्वस्त होणार. पण नोंदणीकृत व्यापाऱ्याला आयजीएसटी पुढच्या विक्रीच्या करातून वळता करून मिळतो. ११० रुपये मात्र गेले ते गेले. ते किमतीतूनच काढायचे. कॉम्पोझिशन योजनेत (उलाढालीवर सरसकट जीएसटी भरायच्या योजनेत) असलेल्या छोट्या दुकानदाराला तर आयजीएसटीचाही परतावा नाही.

हे ११० रुपये दुकानाच्या फळीवर पोहोचेपर्यंत ११० राहत नाहीत. दुकानदार किमतीच्या ४० टक्के आणि वितरक १० टक्के घेतो असं धरलं, तर खेळ काढणाऱ्याच्या हाती निम्मी रक्कम येते. ११० भरून काढायला त्याला करापूर्वीची किंमत २२० ने वाढवावी लागते. जीएसटी धरून २३१. स्वतःच्या नफ्यात एक पैसा वाढवलेला नसताना.

आता तोच डबा ९५०३ मध्ये गेला तर? ९५०३ म्हणजे खेळणी. फेब्रुवारी २०२३ च्या अर्थसंकल्पात तिथला मूळ दर ६० वरून ७० टक्के झाला. ५०० रुपयांच्या मालावर ३५० रुपये. आणि कुठला डबा कुठे जातो हे वाटतं तितकं उघड नाही. पट, सोंगट्या आणि फासे असलेला खेळ ९५०४ मध्ये बसतो, हे सहसा कुणी नाकारत नाही. पण 'सर्व प्रकारची कोडी' ९५०३ मध्ये आहेत, मग ती प्रौढांसाठीची हजार तुकड्यांची जिगसॉ असोत. लहान प्रमाणातल्या प्रतिकृती ९५०३ मध्ये आहेत. मग ज्या खेळात चाळीस प्लॅस्टिकच्या मूर्ती, एक नकाशा आणि नियमांचं पुस्तक आहे, तो मूर्तींचा संच की पटावरचा खेळ? एजंट एक सांगतो, तपासणारा अधिकारी दुसरं म्हणतो, आणि फरक २० आणि ७० चा असतो. यावर कायद्यात उपाय आहे. मुंबईत सीमाशुल्काचं अग्रिम निर्णय प्राधिकरण आहे, तिथे माल मागवण्याआधी वर्गीकरण लेखी ठरवून घेता येतं. पण अर्जाची फी १० हजार रुपये आणि निर्णयाला महिने. ज्याचा सगळा माल दोन लाखांचा, तो हे करत नाही. तो एजंटच्या तोंडी शब्दावर जातो आणि तिथेच फसतो.

शुल्काशिवायचा खर्चही बघितला पाहिजे, कारण छोट्याला खरा मार तिथे बसतो. क्लिअरिंग एजंटची फी, सीएफएसची हाताळणी, डिलिव्हरी ऑर्डर, आणि मग उरण-पनवेलहून महामार्ग ६६ ने सावंतवाडीपर्यंत सुमारे ५०० किलोमीटर टेम्पो. मिळून ५० हजार धरा. १००० प्रती असतील तर प्रतीमागे ५० रुपये. १०० प्रती असतील तर ५००, म्हणजे मालाच्या किमतीइतकेच. त्यात वजनमापे कायद्याचं लेबल: आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश, महिना-वर्ष आणि एमआरपी, तेही माल कस्टममधून सुटण्याआधी डब्यावर लागलेलं हवं. कारखान्यातच छापून घेतलं तर एमआरपी आधी ठरवावी लागते, आणि दर वाटेत बदलला तर छापलेली एमआरपी तोट्यात जाते. हे लेबल ही बारीक गोष्ट नाही. दर बदलाचा धक्का डब्याच्या बाहेरच्या चार ओळींपर्यंत कसा पोहोचतो ते तिथे दिसतं.

बाहेर छापताच कशाला, इथेच छापा, असं सहज म्हटलं जातं. म्हणणं रास्त आहे आणि जमेल तिथे लोक छापतातही. पत्ते, डबा, नियमपुस्तिका आपल्याकडे उत्तम होतात. अडतं ते दोन ठिकाणी. एक म्हणजे पुठ्ठा. खेळाचा पट साधारण २ मिलिमीटरच्या ग्रे बोर्डावर छापील कागद चिकटवून करतात. कोकणात जून ते सप्टेंबर हवेतच पाणी असतं. पुठ्ठ्याच्या एकाच अंगाला लॅमिनेट केलेला कागद असेल तर उघडं अंग ओल पिऊन फुगतं, झाकलेलं फुगत नाही, आणि पट पापडासारखा वाकतो. उपाय माहीत आहे: दोन्ही अंगांना सारख्या जाडीचा कागद, दोन्ही कागदांच्या धाग्याची दिशा एकच, चिकटवल्यावर वजनाखाली सपाट ठेवून पुरतं सुकवणं, आणि कोरड्या हवेत श्रिंक-रॅप करून आत सिलिका जेलची पुडी. पावसाळ्यात घाईने बांधलेली आवृत्ती दिवाळीत उघडली की चारही कोपरे वर आलेले असतात. त्यामुळे इथलं जुळणीचं काम ऑक्टोबर ते मे एवढंच धरावं लागतं, आणि तेवढ्या महिन्यांत बसेल इतकंच काम घ्यावं लागतं.

दुसरी अडचण सुट्या भागांची. १६ मिलिमीटरचे गोल कडांचे फासे, रंगीत चकत्या, छोट्या लाकडी माणसांच्या आकाराच्या सोंगट्या, पत्ते उभे ठेवायचे प्लॅस्टिकचे पाय. फाशाचा साचा करायचा म्हटलं तर खर्च लाखांत जातो आणि तो हजारो-लाखो नगांवर वसूल होतो. ५०० प्रतींच्या खेळाला २५०० फासे लागतात. त्यासाठी कुणी साचा पाडत नाही, ते आयातच होतात. आणि इथे शुल्कपत्रिकेतली एक छोटी टीप आडवी येते. प्रकरण ९५ ची टीप ३ सांगते की या प्रकरणातल्या वस्तूंसाठीच वापरले जाणारे भाग त्या वस्तूंबरोबरच वर्गीकृत होतील. म्हणजे पूर्ण खेळ आणला तरी २० टक्के, आणि फक्त फासे आणून बाकी सगळा खेळ कुडाळच्या एमआयडीसीत बांधला तरी त्या फाशांवर २० टक्केच. खेळण्यांत तर आणखी वाईट. ७० टक्क्यांचा दर 'खेळणी आणि खेळण्यांचे भाग' यांना आहे. त्यातून वगळलेत ते फक्त इलेक्ट्रॉनिक खेळण्यांचे भाग. लाकडी गाडी इथे कातून तिला बाहेरून आणलेली खेळण्याची चाकं बसवणाऱ्याला कसली सवलत नाही. सर्किट बोर्ड आणून बोलणारी बाहुली जोडणाऱ्याला आहे.

हे उलटं आहे. भिंतीचा हेतू इथलं काम वाढवणं हा असेल, तर जो अर्धं काम इथे करतो त्याला पूर्ण आयात करणाऱ्यापेक्षा स्वस्त पडलं पाहिजे.

आता सावंतवाडीकडे यायला हवं, कारण खेळण्यांच्या आयातशुल्काचं समर्थन करताना नाव तिचं घेतलं जातं. चितारआळीतली लाकडी फळं, भातुकली, पाट-चौरंग, आणि राजवाड्यात अजून होणारी गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते. दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. जीएसटीच्या हस्तकला यादीत ९५०३ खाली लाकडी खेळण्यांत सावंतवाडीचं नाव लिहिलेलं आहे आणि ९५०४ खाली गंजिफा पत्त्यांचा वेगळा उल्लेख आहे. देशाच्या करपत्रिकेत नावानिशी बसलेली गावं थोडीच असतील.

आणि शुल्काच्या बाजूने बोलणाऱ्यांचं खरं ते मान्य केलं पाहिजे. सरकारी आकड्यांप्रमाणे २०१४-१५ ते २०२२-२३ या काळात खेळण्यांची आयात ५२ टक्क्यांनी घटली आणि निर्यात २३९ टक्क्यांनी वाढली. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) प्रमाणपत्र सक्तीचं झालं, त्याने शिशाचा रंग आणि सुटणारे बारीक भाग असलेला कचरा बाजारातून कमी झाला. हे चांगलं झालं. हस्तकला आयुक्तालयाकडे नोंदलेल्या कारागिरांना आणि मानांकनाच्या नोंदणीकृत मालक-वापरकर्त्यांना त्या सक्तीतून सूट दिली, हेही शहाणपणाचं होतं. नाहीतर चितारआळीतल्या एका खोलीच्या कारखान्याला प्रयोगशाळेच्या अहवालांनीच बुडवलं असतं.

पण या वाढीतलं किती चितारआळीपर्यंत पोहोचतं? गंजिफा जवळून बघा. दशावतारी संचात १२० पत्ते. मच्छ, कच्छ, वराहापासून कलंकीपर्यंत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात बारा पाने: एक राजा, एक प्रधान, आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा. राजा-प्रधानाची वीस चित्रं वेगळी ठेवली तरी उरलेल्या शंभर पानांवर एक ते दहा या हिशेबाने प्रत्येक रंगात ५५ आणि सगळ्या संचात ५५० चिन्हं हाताने काढायची असतात. मच्छाचे मासे, कच्छाची कासवं, परशुरामाचे परशू, एकाच मापाचे, गोल पानाच्या वळणात बसवलेले. जुन्या रीतीत पान तयार करणं हेच वेगळं काम: कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवायचे, खडूचा लेप द्यायचा, दगडाने घोटून गुळगुळीत करायचे, मग रंग आणि वर लाखेची झिलई. खळ पातळ राहिली तर थर सुटतात, लेप जाड झाला तर तो तडकतो. शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यात हे काम पुन्हा उभं केलं म्हणून ते आज हाताला सापडतं.

अशा वस्तूचा स्पर्धक चिनी प्लॅस्टिकच्या पत्त्यांचा जोड नव्हे. उद्या परदेशी पत्त्यांवर २०० टक्के शुल्क लावलं तरी ५५० चिन्हं काढायला लागणारा वेळ एका मिनिटानेही कमी होत नाही, आणि हे शिकायला बसणाऱ्या मुलाच्या पहिल्या दोन वर्षांच्या पोटाची सोय होत नाही. खेळण्यांच्या खरादीचंही तसंच. हलकं, मऊ आणि कातायला सोपं म्हणून पांगारा वापरायचा. तो शेताच्या बांधावर, मिरीच्या वेलाला आधार म्हणून असायचा. चांगला पांगारा मिळणं आता कठीण झालं. लाकूड ओलं कातलं तर रंग दिल्यावर भेगा जातात, वाळवायला जागा आणि महिने लागतात. या अडचणी शुल्काने सुटणाऱ्या नाहीत. शुल्काचा फायदा प्लॅस्टिक आणि धातूचा मोठा माल काढणाऱ्या कारखान्यांना झाला. तो त्यांना मिळाला याबद्दल तक्रार नाही. पण तो मिळवताना नाव सावंतवाडीचं पुढे करायचं आणि तिच्या वाट्याला सुट्या चाकांवर ७० टक्के, हे बरोबर नाही.

गंजिफेसारख्या वस्तूचा एक मोठा गिऱ्हाईक परदेशात असतो: संग्राहक, खेळांचे अभ्यासक, परदेशी राहणारी आपली माणसं. तिथे २०२५ मध्ये काय झालं ते नीट बघण्यासारखं आहे, कारण तेव्हा भिंतीच्या दुसऱ्या बाजूला आपण होतो.

अमेरिकेत खेळ आणि खेळण्यांवरचं नेहमीचं आयातशुल्क शून्य आहे. एप्रिल २०२५ मध्ये चिनी मालावरचा जादा कर चढत १४५ टक्क्यांवर गेला, आणि १४ मे रोजी ३० टक्क्यांवर उतरला. अवघे पाच आठवडे. अमेरिकेतल्या छोट्या प्रकाशकांचा बहुतेक माल चीनमध्ये छापला जातो. १० डॉलरच्या खेळावर साडेचौदा डॉलर कर, म्हणून अनेकांनी छापून तयार असलेला माल कारखान्यातच ठेवला. ज्यांनी तो त्या आठवड्यांत उतरवून घेतला त्यांना जबर फटका बसला, ज्यांनी थांबायला गोदामभाडं भरलं त्यांचा तो टळला. कसब दोघांचं सारखंच होतं. इथल्या कुणी आपला खेळ चीनमध्ये छापून थेट अमेरिकेत पाठवायचा ठरवला असेल तर त्यालाही चीनचाच दर लागला, कारण हा कर प्रकाशकाचा पत्ता बघत नाही, माल जिथे तयार झाला तो देश बघतो.

मग भारताची पाळी आली. ७ ऑगस्टला २५ टक्के, २७ ऑगस्टला आणखी २५. २९ ऑगस्टपासून ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांची करमाफी सगळ्या देशांसाठी बंद. त्याआधीच, २५ ऑगस्टपासून, आपल्या टपाल खात्याला अमेरिकेची मालाची पार्सलं घेणं थांबवावं लागलं, कारण कर कुणी आणि कसा गोळा करायचा हेच ठरलेलं नव्हतं. सेवा पुन्हा सुरू झाली १५ ऑक्टोबरला, जाहीर मूल्याच्या सरसकट ५० टक्के कर आगाऊ भरून. म्हणजे तेव्हा १० हजारांच्या गंजिफेच्या संचावर टपालाआधी ५ हजार. ती चित्र म्हणून पाठवावी आणि कर टाळावा असं सुचवणारे भेटतात. त्यांनी ९७०१ हे शीर्षक वाचावं: हाताने काढलेली चित्रं त्यात येतात, पण हाताने रंगवलेल्या किंवा सजवलेल्या उत्पादित वस्तू त्यातून स्पष्ट वगळलेल्या आहेत. खोट्या वर्गीकरणाने एखादं पार्सल सुटतं, दहावं अडकतं, आणि पाठवणाऱ्याचं नाव कायमचं खराब होतं.

त्या ऑगस्टात आपल्याकडे योग्य तो संताप झाला. पण अमेरिकेच्या त्या दोन्ही आदेशांत एक कलम होतं. ७ ऑगस्टपूर्वी जहाजावर चढलेला आणि ५ ऑक्टोबरपूर्वी तिथे दाखल झालेला माल नव्या दरातून सुटला. २७ ऑगस्टच्या वाढीतही तसंच, १७ सप्टेंबरपूर्वी दाखल झालेल्या मालाला. इतक्या आडमुठ्या करातसुद्धा वाटेत असलेल्या मालाला वाट ठेवली होती. आपण फेब्रुवारी २०२० मध्ये आपल्याच व्यापाऱ्यांना ती ठेवली नव्हती.

म्हणून पहिली मागणी तीच असावी. आयातशुल्क वाढवणाऱ्या प्रत्येक बदलात एक ओळ: वाढ जाहीर होण्यापूर्वीची बिल ऑफ लेडिंग (माल जहाजावर चढल्याची पावती) असलेल्या आणि साठ दिवसांत दाखल झालेल्या मालाला जुना दर. बिलावर मागची तारीख टाकून लोक फसवतील, हा आक्षेप आता टिकत नाही. जहाज कुठल्या दिवशी सुटलं, कुठला कंटेनर त्यावर होता, हे कस्टमला जहाज येण्याआधीच कळतं. अर्थसंकल्पाची गुप्तता राखायची म्हणून दर एका रात्रीत बदलावा लागतो, हे समजण्यासारखं आहे. चढलेल्या मालाला सूट दिल्याने ती गुप्तता मोडत नाही.

दुसरी मागणी सुट्या भागांची. ९५०३ आणि ९५०४ दोन्हीकडे भागांना वेगळी ओळ आणि तयार मालाच्या निम्म्याहून कमी दर. यावर लगेच सांगितलं जाईल की मग आख्खी खेळणी मोडून भाग म्हणून येतील. पण शुल्कपत्रिकेच्या अर्थविवरणाचा नियम २(अ) आधीच म्हणतो की सुटी करून आणलेली पूर्ण वस्तू पूर्ण वस्तूच धरायची. ५००० फासे आणि १००० चाकं म्हणजे मोडलेलं खेळणं नव्हे, हे कुठल्याही तपासनीसाला डोळ्यांनी कळतं. इलेक्ट्रॉनिक भागांना जर हे जमतं तर लाकडी चाकाला जमेल.

तिसरी गोष्ट मुदतीची. दर ७० ठेवायचा तर ठेवावा, पण तीन वर्षं तो हलणार नाही हे लिहून द्यावं. २०१८ मध्ये १० चा २०, २०२० मध्ये ६०, २०२३ मध्ये ७०: अशा पायऱ्यांवर कुणी साचा पाडत नाही, कुणी खराद घेत नाही. उद्या दर उतरला तर स्वस्त आयातीने बुडायची भीती, चढला तर भागच महाग व्हायची. ज्या देशी गुंतवणुकीसाठी शुल्क वाढवलं तीच त्यामुळे थांबते. आणि शुल्काचं नाव कारागिरांच्या भल्यासाठी घ्यायचं असेल तर त्यातला ठरावीक हिस्सा मानांकन मिळालेल्या खेळांच्या गावांना मिळावा: बांधावरचा पांगारा, लाकूड वाळवायची सामाईक शेड, शिकणाऱ्याला महिन्याचा भत्ता. हे खर्च मोठे नाहीत.

यातलं काही होईपर्यंत ज्याला माल मागवायचाच आहे त्याने तारखांकडे बघावं. जहाज जानेवारीच्या २० तारखेच्या आत न्हावाशेव्याला लागेल अशी ऑर्डर नोव्हेंबरातच द्यावी, म्हणजे नववर्षाची गर्दी आणि अर्थसंकल्प दोन्ही टळतात. ते जमत नसेल तर माल फेब्रुवारीनंतरच चढवावा, दर कळल्यावर. वर्गीकरणाचा एजंटचा शब्द ईमेलवर घ्यावा, सोबत खेळाचे फोटो, भागांची यादी आणि नियमपुस्तिका जोडून. एमआरपीचं लेबल कारखान्यात छापू नये, बॉन्डेड गोदामात, म्हणजे शुल्क भरण्याआधी माल ठेवतात तिथे, लावून घ्यावं. चार रुपये जास्त जातात, पण किंमत शेवटपर्यंत आपल्या हातात राहते. आणि आगाऊ नोंदणी घेताना गिऱ्हाइकाला खेळाची किंमत आणि त्यातलं शुल्क या दोन वेगळ्या रकमा म्हणून सांगाव्यात, दर बदलला तर फरक किती आणि कुणी सोसायचा हे त्याच कागदावर लिहून.